मीठ उतरवायचंय

४ मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. त्याला डिझेलचा असा काही वास येत होता की दोन दिवस खिडकीत वाळत घातलं आणि मग वाचलं. पाकिटावर बंदराच्या कचेरीचा शिक्का बघून पोस्टमन म्हणाला, "बहीण जहाजावर असते वाटतं?" मी म्हटलं, "जहाज कसलं, तरंगतं कपाट आहे."

फोन करू नकोस म्हटलं त्याचा राग मानू नकोस. फोन वाजला की आई धावत जाते, उचलते, "इथे कोणी राहत नाही" म्हणून ठेवून देते, आणि मग दिवसभर दचकत राहते. पत्र बरं. पत्र ओरडत नाही.

इकडे ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. घरभर निळ्या चिंध्या झाल्यात आणि मशीनच्या पायाशी दोऱ्यांचं घरटं. आईही बरी आहे. हल्ली अंघोळीचा जरा कंटाळा करते, एवढंच. वयच आहे.

आता एक विचारते, हसू नकोस. तुम्ही अंघोळ कशी करता गं? तू लिहिलं होतंस की टाकीतलं गोडं पाणी पिण्यापुरतं जपावं लागतं. मग अंगाला काय? एवढ्याशा पाण्यात माणूस खरंच स्वच्छ होतो का? उभ्याने करता की बसून? आधी काय धुता, मग काय? कपडे काढल्यावर थंडी वाजत नाही का? आणि साबण राहिला, खाज सुटली, तर?

नीट, पायरीपायरीने लिही. तुझ्या सवयीप्रमाणे "होतं सगळं" म्हणून उडवून लावू नकोस. तुझ्या कप्तानाला विचारलंय म्हणून सांग. त्याची दाढी अजून आहे का? बघवत नव्हती.

तुझी,
ताई


२२ मार्च

ताई गं,

तू येणार आहेस! सरळ सांगायचं ना. "पायरीपायरीने लिही" म्हणे. मी कप्तानाला पत्र वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "ही नुसती चौकशी नाही, ही येण्याची तयारी आहे. ताईसाहेब आधी न्हाणीघर बघतात, मग घर." आम्ही लगेच पुढचा बाक रिकामा केला. तिथे शिडाची दुसरी पिशवी आणि कांद्यांचं पोतं होतं. दाराला मी पडदाही शिवला. टाके बघून रडशील, पण पडदा आहे.

तर ऐक. आमची बोट म्हणजे आपल्या जुन्या स्वयंपाकघराच्या दुप्पट लांब आणि रुंदीला त्याच्याहून कमी. त्यात न्हाणीघर कुठून आणणार? मागच्या उघड्या भागात बसायला जागा आहे, तेच दिवाणखाना, तेच गच्ची, तेच न्हाणी.

समुद्राचं पाणी फुकट आणि अमाप. बादली दोरीला बांधून ओढायची आणि आधी त्याने अंग घासायचं. आपला वडीचा साबण खाऱ्या पाण्यात फेस देत नाही, नुसता चिकट होऊन अंगाला बसतो. पहिल्या महिन्यात मी त्याच्यापायी इतकी रडले! मग एका शेजारच्या बोटवाल्या आजीने सांगितलं, भांडी घासायचा पातळ साबण घ्या. तो फेसाळतो. हो, आम्ही भांड्यांच्या साबणाने अंग धुतो. आता बस डोक्याला हात लावून.

पण खारं पाणी अंगावर वाळलं की कातडी ताणते, कपडे दमट राहतात, अंथरूणसुद्धा ओलसर होतं. म्हणून शेवटी थोडं गोडं पाणी लागतंच. झाडांवर फवारा मारायचा पंप असतो ना, हातात धरायचा, दट्ट्या दाबून हवा भरायचा? तो नवाकोरा आणून ठेवलाय. त्यात कोमट पाणी भरायचं. काळ्या पिशवीत पाणी भरून उन्हात ठेवलं की दुपारपर्यंत आपोआप कोमट होतं. आधी तोंड आणि मान, मग हात, काखा, पोट, शेवटी पाय. बसूनच करायचं, कारण बोट हलते. आणि सगळे कपडे एकदम काढायचेच नाहीत. जो भाग धुवायचा तेवढाच उघडा, बाकी टॉवेलात. शेजारी बोटी असतात, लाज आहे की नाही! पण खरं सांगू, थंडीही त्यामुळेच वाजत नाही.

"अंघोळ" हा शब्द आम्ही टाकूनच दिलाय. कप्तान म्हणतो, अंघोळ म्हटलं की माणूस बादल्या मोजायला लागतो. आम्ही म्हणतो, "मीठ उतरवायचंय." मी संध्याकाळी हाक मारते, "अहो, मीठ उतरवून घ्या, जेवायला बसायचंय." आणि ताई, माणूस अगदी स्वच्छ होतो. आम्ही दोघं लखलखीत आहोत. काळजी करू नकोस.

कधी येतेस ते लिही. आईला कोण बघेल? खालच्या नर्सबाई बघतील का?

तुझीच,
बारकी


९ एप्रिल

बारके,

मी येत नाहीये, बाई. पडदा काढून ठेव. टाके मात्र बघायचेत एकदा.

मी तुला नीट सांगितलं नाही. कंटाळा वगैरे काही नाही. आई अंघोळच करत नाही. दोन महिने उलटून गेले. "आई, चल अंघोळीला" म्हटलं की ती पलंगाची कड धरून बसते. आधी "झाली माझी", मग "उद्या करते", मग शिव्या. आपली आई, बारके, जिच्या राज्यात अंघोळ झाल्याशिवाय चहा मिळत नसे. परीक्षेच्या दिवशी सुद्धा तुला पारोशी जाऊ दिलं नव्हतं तिने.

फेब्रुवारीत एकदा मी जबरदस्ती केली. दंडाला धरून आत नेलं, गाऊन काढला आणि वरचा शॉवर सोडला. ती अशी किंचाळली की शेजारच्यांनी दार वाजवलं. मी ओल्या कपड्यांनी दार उघडलं. आतून आई ओरडत होती, "वाचवा, ही बाई मला सोलतेय." त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्यांना वाटलं मी तिला मारते.

रात्री मशीनवर बसले तर एकही टाका सरळ पडेना. मला वाटत होतं मी तिला स्वच्छ करतेय. तिला वाटत होतं कोणीतरी तिची साल काढतंय. आणि कोण जाणे, त्या क्षणी तिचंच खरं असेल.

त्यानंतर मी प्रयत्नच सोडला. मग नर्सबाईंनी एक दिवस रक्तदाब बघता बघता नाक वर केलं आणि मला म्हणाल्या, "गाऊन जरा बाजूला करा." छातीखाली आणि जांघेत कातडी लालभडक होऊन सुटली होती. त्या मलाच ओरडतील असं वाटलं. पण त्यांनी मलम लिहून दिलं आणि खाली जिन्यात मला गाठून हळूच म्हणाल्या, "हे वाढलं तर जखमा होतील आणि मग घरी निभावणार नाही. शुश्रूषागृहात नाव घालून ठेवा. जागा लवकर मिळत नाही."

मी नाव घातलंय. तुला न विचारता. जागा रिकामी झाली की कळवतील, आणि तोपर्यंत काही जमलं नाही तर आई जाईल. म्हणून विचारत होते, एवढ्याशा पाण्यात कसं करतात ते. मला वाटलं, कमी पाणी असेल तर कमी भीती वाटेल.

तुझं पत्र मात्र मी मोठ्याने वाचलं. आई पलंगावर होती, ऐकत नाही असं वाटत होतं. भांड्यांच्या साबणापाशी फस्सकन हसली. मग चार वेळा वाचून घेतलं. आता रोज विचारते, "ते मिठाचं पत्र आलं का?"

ताई


२० एप्रिल

ताई,

पत्र बंदरावर हातात पडलं आणि मी तिथेच लोखंडी खुंटावर बसून वाचलं. कप्तान पाव घेऊन आला तोवर मी रडून मोकळी झाले होते. चिडलेही होते, तुझ्यावर. एवढं सगळं एकटीने गिळत बसलीस आणि वर मला दाढी विचारतेस.

नाव घातलंस ते बरं केलंस. माझी परवानगी कसली मागायची? मी इथे मासे मोजतेय.

मला काही फार कळत नाही, पण एक सांगते. तिला अंघोळ विचारूच नकोस. शॉवर तर विसरच. अगं, पाणी वरून येतं, कुठून येतं ते दिसत नाही, आवाज केवढा होतो. मलाच आता बंदरावरच्या न्हाणीघरात गेलं की दचकायला होतं, आणि माझं डोकं ठिकाणावर आहे (कप्तानाचं मत वेगळं). तिला बसव. खांद्यावर टॉवेल टाक, मोठा. एक हात बाहेर काढ, तेवढाच धू, पूस, झाक. मग दुसरा. आणि फवारा तिच्या हातात दे. पाणी कधी येणार हे आपल्या हातात असलं की पाण्याची भीती वाटत नाही. हे मी बोटीवर शिकले.

फवारा नवा आण हं. बागेतला औषधाचा नको. तुझ्या घाईला मी ओळखते.

जमलं नाही तर लगेच कळव. मी येईन. बोट कुठेतरी बांधून येईन.

बारकी


६ मे

बारके,

हे पत्र उभ्याने लिहितेय. बसवत नाहीये. आनंदाने. वाच.

फवारा आणला. दुकानदाराने विचारलं, "कसली झाडं आहेत?" मी म्हटलं, "एकच आहे, जुनं आहे." पहिल्या दिवशी आईने तो माझ्यावरच मारला, आणि काय हसली! कापलेले गणवेश भिजले. दुसऱ्या दिवशी तिने भिंत धुतली. तिसऱ्या दिवशी काही नाही, पलंगाची कड धरून बसली. मी मनात म्हटलं, संपलं.

मग काल दुपारी, ती खिडकीत बसलेली, ऊन अंगावर, कपाळावर घाम. माझ्या तोंडून काय निघालं कोण जाणे. मी म्हटलं, "आई, चल, मीठ उतरवायचंय."

तिने मान वळवली. "माझ्या अंगावर मीठ आहे?"

"हो."

"मी कधी गेले पाण्यात?"

आता खोटं बोलायचं की नाही, मी घुटमळले. तेवढ्यात तिने बाही वर केली आणि दंडाला जीभ लावली. अगदी लहान मूल कुल्फी चाटतं तशी. विचार केला. परत लावली. आणि म्हणाली, "आहे गं. खारट आहे."

घामच तो. पण बारके, मी खोटं बोललेच नाही! तिच्या अंगावर मीठ होतंच.

मग ती स्वतः उठली. स्टुलावर बसली. तू सांगितलंस तसं टॉवेल पांघरला. फवारा तिच्या हातात. मी म्हणायची, "आता मान," ती फुस्स करायची. "आता हात." फुस्स. छातीखाली मी ओला मऊ कपडा फिरवला, टिपून कोरडं केलं, मलम लावलं, आणि तिने मला करू दिलं. माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत. जसं काही तिथे कोणी नाहीच. तिची लाज तिने अशी सांभाळली, आणि मला उशिरा कळलं की ती भीतीपेक्षा लाजच होती मुळात. पोटच्या मुलीसमोर नागवं व्हायचं.

मध्येच म्हणाली, "किती पाणी राहिलंय टाकीत?" मी म्हटलं, "आहे पुरेसं." तर दटावून म्हणते, "पुरेसं म्हणजे? पावसावर भरवसा ठेवून बोट चालत नाही."

ती बोटीवर आहे, बारके. तुझी पत्रं ऐकून ती तिकडे राहायला गेलीय. संध्याकाळी नर्सबाई आल्या आणि बेसिनचा नळ सोडून हात धुवायला लागल्या, तर आईने त्यांची अशी खरडपट्टी काढली की त्या बिचाऱ्या नळ बंद करून साबणाच्या हाताने उभ्या राहिल्या. मी हळूच सांगितलं, "आपण सध्या समुद्रात आहोत." त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना, मी बंदरावरच धुऊन आले असते."

कित्येक महिन्यांनी आईच्या डोक्याला साबणाचा वास येतोय. भांड्यांचा नाही, काळजी नको.

ताई


२५ मे

ताई, ताई, ताई,

दंड चाटला! मी कप्तानाला सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्यापेक्षा शास्त्रशुद्ध आहे." आता संध्याकाळी तोही दंड चाटतो आणि म्हणतो, "आज चालेल तसंच." त्याला आयतं निमित्त मिळालं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. "आम्ही लखलखीत आहोत" असं मी लिहिलं ना, ती थाप होती. मधे वारा सलग उलटा होता, कपडे वाळेनात, आणि गोड्या पाण्याची टाकी तळाला गेली. मला बसायच्या जागी मिठाचे फोड आले. कुठे, ते फोड करून सांगायला लावू नकोस. आठवडाभर मी उभ्याने सुकाणू धरलं आणि पालथी झोपले. लाजेने कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. तुला लिहायचं म्हणजे तू म्हणणार, "सांगत होते, घर विकू नकोस." पण आता आईचं आणि माझं दुखणं एकच आहे असं दिसतं. तेव्हा नर्सबाईंना विचार, मलम कुठलं?

आणि अजून एक, त्यावर मी फार विचार केला. तू लिहिलंस ती बोटीवर राहायला गेलीय, त्यात थोडी चिंता दिसली मला. आपण तिला फसवतोय का, अशी. ताई, मी इथे रात्री जागी होते तेव्हा कित्येकदा क्षणभर वाटतं, मी आपल्या घरी आहे आणि आई आत भांडी लावतेय. तो क्षण खोटा असतो, पण त्यात काही वाईट नसतं. तिला बोटीवर राहू दे. तिला जागा आहे. पुढचा बाक तसाही रिकामा केलाय.

जुलैअखेर बोट किनाऱ्यावर चढवायचीय. तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडून रंग द्यायचाय. ते काम कप्तान आणि त्याचे मित्र करतील. मी येते तुझ्याकडे. तू कुठेतरी जा. नाही म्हणायचं नाही.

तुझी (उभी),
बारकी


१४ जून

उभ्या बहिणीस,

मलम पाठवतेय, सोबत एक सुती चड्ड्यांचा जोड. टाके बघ आणि शिक. नर्सबाई म्हणतात, मलमापेक्षा कोरडं राहणं महत्त्वाचं. घासायचं नाही, टिपायचं. आणि माझं म्हणशील तर मी "सांगत होते" असं म्हणणार नाही. मनात म्हटलं, तेवढं पुरे.

आता मुख्य. गेल्या सोमवारी शुश्रूषागृहातून फोन आला. जागा झालीय. शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं, नाहीतर पुढच्या माणसाला देणार.

तुला वाटेल, अंघोळ जमली म्हणजे सुटला प्रश्न. तसं नव्हतं. मधला एक आठवडा वाईट गेला. हवा गार झाली, घाम येईना, आणि आई रोज दंड चाटून म्हणायची, "आज खारट नाही. कशाला पाणी वाया घालवतेस?" मी कासावीस. माझ्या डोक्यात रोज म्हणजे रोज. तिच्या दंडाला मीठ लावायचंसुद्धा मनात आलं माझ्या, इतकी खाली गेले होते मी. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला कोणी सांगितलं रोज म्हणून? आठवड्यातून दोनदा सगळं अंग, बाकी रोज फक्त कातडीच्या घड्या पुसा. या वयात रोज घासलं तर कातडीच जाते." मी विचारलं, "मग ती स्वच्छ कशी राहणार?" तर म्हणतात, "ती स्वच्छच आहे. तुमचं समाधान होत नाहीये."

बारके, हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण पाठीवरून गणवेशांचा गठ्ठा कोणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

गुरुवारी मी ते शुश्रूषागृह बघून आले. खोटं कशाला बोलू, चांगलं आहे. फरशी चकचकीत, खिडक्या मोठ्या, माणसं हसून बोलणारी. न्हाणीघराबाहेर चार-पाच बायका चाकाच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, चादरी गुंडाळून, आपली पाळी येईपर्यंत. आतून शॉवरचा आवाज. कोणी ओरडत नव्हतं. एकजण माझ्याकडे बघून हसलीही. तिथल्या बाईंना मी म्हटलं, "आमची आई आधी विचारते, टाकीत किती पाणी आहे." त्या म्हणाल्या, "हो का? गोड!" आणि पुढच्या खोलीकडे वळल्या. वाईट बाई नव्हती. तिच्याकडे वेळ नव्हता.

शुक्रवारी नर्सबाईंनी आईची तपासणी केली. गाऊन बाजूला, चष्मा नाकावर, बराच वेळ. मग त्यांनी बोटाने छातीखालची कातडी ताणून बघितली आणि म्हणाल्या, "छान भरलंय. लहान बाळासारखं झालंय." आई वरून म्हणाली, "बाळ असेल तुमचं. मी बोटीवरची बाई आहे."

मी फोन केला आणि नाही म्हटलं. तूर्तास नाही. पुढचं पुढे. नाव यादीत राहू द्या म्हटलं, कारण मी शहाणी आहे. फोन ठेवला आणि मशीनपाशी बसून काहीच न शिवता नुसती चाक फिरवत राहिले.

तू ये. मी कॉलेजातल्या मैत्रिणीकडे आठ दिवस जाईन. तिच्याकडे टब आहे. मी त्यात दुपारभर पडून राहणार आहे, आणि पाणी किती लागलं हे कोणालाही सांगणार नाही.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

तू टबात आहेस असं धरून लिहितेय. बाहेर येऊ नकोस, पत्र ओलं झालं तरी चालेल.

तू गेलीस आणि मी दार लावून वळले, तर आई समोर उभी. वरून खालपर्यंत बघितलं तिने मला. प्रवासाचे कपडे, उन्हाने काळवंडलेलं तोंड, केस मिठाने काथ्यासारखे, नखांत बोटीचा रंग. म्हणाली, "ही कोण घाणेरडी पोरगी?"

मी म्हटलं, "आई, मी बारकी."

"असशील. आधी स्वच्छ हो."

मला वाटलं विसरेल. छे! तिने माझा हात धरला. ताई, काय पकड आहे अजून! तिने मला आत नेलं, तुझ्या त्या स्टुलावर बसवलं, टॉवेल पांघरला, आणि म्हणाली, "गरम पाणी काढ." म्हणजे बसायचंही मी आणि पाणी काढायचंही मीच. पाणी काढलं. फवारा तिने बाजूला सारला. "याने काय होणार हिचं," म्हणाली, आणि सरळ पाण्याचा मग घेतला. माझं डोकं पुढे वाकवलं, साबण चोळला, मग कान पिळून बघितला. "कानामागे केवढा मळ! मानेवर तर थर आहे थर! बोटीवर राहतेस म्हणे, आणि पाण्याला महाग?" ताई, मी गेली दोन वर्षं लोकांना सांगत फिरतेय, कमी पाण्यात स्वच्छ कसं राहावं. कप्तानाने कधी माझ्या कानामागे बघितलं नाही. मीही नाही त्याच्या.

साबण डोळ्यात गेला. मी ओरडले. ती म्हणाली, "डोळे मीट. दुसऱ्याच्या घरी ओरडत नाहीत." आणि पाणी ओतलं. मगावर मग. टाकीचा विचार नाही, पावसाचा नाही. मी डोळे मिटून बसले होते, आणि माझ्या डोक्यावर तिचे हात होते, जुने, हाडकुळे, पण कुठे किती जोर लावायचा हे अजून ठाऊक असलेले. पाण्याखाली मी रडत होते ते तिला कळलं नसावं.

या सगळ्यात ती स्वतः चिंब झाली. गाऊन अंगाला चिकटला. मी घाबरले, आता काय करायचं, काही सांगितलं तर बिथरेल. मी नुसती स्टुलावरून उठले. तिने आपणच गाऊन काढला, खुंटीला लावला, माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझ्या पाठीला साबण लाव गं जरा. माझा हात पोचत नाही."

मी लावला. खूप वेळ लावला. मधूनमधून ती खांदा उचलून सांगत होती, इथे, नाही, जरा खाली. पाठीवरचे तीळ मला ओळखू आले. कातडी कुठेही लाल नाही, ताई. एकही जागा नाही. तू केवढं काम केलंस ते मला पत्रातून कळलं नव्हतं, ते तिच्या पाठीवर कळलं.

आता दोघी केस मोकळे सोडून खिडकीत बसलोय. मघाशी मी म्हटलं, ताईला लिहिते की तू मला न्हाऊ घातलंस आणि आपणहून पाठ पुढे केलीस. तर तिने माझा हात दाबला. इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. आणि हळूच म्हणाली, "मोठीला सांगू नकोस. ती खूप करते माझं. तिला वाटेल, आपल्याकडून हे राहून गेलं."

म्हणून लगेच लिहायला बसले.

बारकी